डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ



दवाखान्यातून घरी जाताना हातात जो कागद पडतो, ते डिस्चार्ज कार्ड कधी नीट वाचलंय का? गोळ्यांची यादी अगदी बारकाईने लिहिलेली असते. कोणती गोळी, किती मिलीग्रॅमची, सकाळी की रात्री, जेवणाआधी की जेवणानंतर. सगळ्यात खाली मात्र एकच ओळ असते: 'नियमित व्यायाम करा, योग्य आहार घ्या, ताण टाळा.' व्यायाम कोणता, किती, कोणासमोर करायचा? योग्य आहार म्हणजे आमच्या घरातल्या कुठल्या भांड्यातला? ताण टाळायचा म्हणजे नक्की काय करायचं? ते त्या ओळीत नसतं. गोळ्यांसाठी मेडिकल दुकान असतं, पण या ओळीसाठी दुकान नाही. आज मला त्या एका ओळीबद्दल लिहायचंय. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, दमा असे आजार आयुष्यभर सोबत राहतात, आणि त्यांच्या उपचाराचा मोठा भाग त्या ओळीत असतो.

माझं माहेर लोंढ्याचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, गोव्याच्या वाटेवरचं हे रेल्वे जंक्शन. बेळगावहून गाडीने गोव्याला गेला असाल तर कॅसलरॉकचा घाट आणि दूधसागर लागण्याआधी तुमची गाडी इथे थांबली असेल. मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू अशा सगळ्या भाषा आमच्याकडे एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. वडील रेल्वेत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी पुण्यात, धाकटा भाऊ बेंगळुरूत. गावाकडच्या घरात अण्णा आणि आई दोघंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असेल.

तीन वर्षांपूर्वी, अडुसष्टाव्या वर्षी अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेत बेळगाव गाठलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी ते घरी आले. साखरेचा त्रास त्याआधीच पंधरा वर्षांचा. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं होतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

घरी आल्यावर अण्णा ओटीवरच्या आरामखुर्चीत बसले, ते बसलेच. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "आता काही करायचं नाही हं, नुसता आराम." आई पाण्याची कळशी त्यांच्या हातातून काढून घ्यायची. बाजाराची पिशवी शेजारचा मुलगा आणायचा. भजनी मंडळाने त्यांचा पखवाज दुसऱ्याकडे दिला, तोही प्रेमानेच. दोन महिन्यांत अशी वेळ आली की न्हाणीघरापर्यंत जाऊन येतानाही त्यांना धाप लागायची. आम्ही घाबरून पुन्हा बेळगावला नेलं. इको केला. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं पंपिंग चांगलं आहे. धाप लागते ती बसून राहिल्यामुळे. स्नायू उतरलेत आणि मनात भीती बसलीय."

आजारी माणसाला आराम द्यायचा ही समजूत फक्त आपल्या घरांतली नव्हे. एके काळी वैद्यकशास्त्रही तेच सांगत होतं.

आरामापासून चालण्यापर्यंत

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायला लावत. कूसही दुसऱ्याच्या मदतीने बदलायची. १९५२ साली बोस्टनमधले डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवण्याबद्दलचा लेख प्रसिद्ध केला. तेव्हा तेही धाडसच वाटलं होतं! पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी निघालं. एकाच बसमध्ये, एकाच शहरात काम करणारी ही माणसं. हालचालीचा आणि हृदयाचा संबंध इतक्या ठळकपणे तेव्हा पहिल्यांदाच पुढे आला.

मग १९९० साली अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी एक छोटा पण गाजलेला प्रयोग मांडला. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, चालणं, योग आणि ध्यान, धूम्रपान बंद, आणि रुग्णांनी नियमित एकत्र बसून मनातलं बोलणं. वर्षभराने अँजिओग्राफीत बऱ्याच जणांच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे किंचित कमी झालेले दिसले. गट अठ्ठेचाळीस जणांचा होता, म्हणजे लहानच. पण एक नवी गोष्ट त्यात होती: आहार, व्यायाम, मन आणि माणसांची सोबत हे चारही एकाच वेळी दिलं होतं. आपल्या मराठी वाचकांपर्यंत हा विचार पोचला तो गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकातून. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते पुस्तक असेल. स्वतः डॉक्टर असलेला माणूस रुग्ण होतो आणि मग आपलं जगणं एकेका बाजूने तपासतो, हे मराठीत इतक्या मोकळेपणाने क्वचितच कुणी लिहिलं असेल.

मधुमेहाबद्दलचे आकडे तर आणखी पक्के आहेत. २००२ साली अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना वजन सात टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं उद्दिष्ट दिलं. प्रत्येकाला मार्गदर्शक होता. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे जीवनशैलीतल्या बदलामुळे घट झाली सुमारे साडेअठ्ठावीस टक्के. आपली शरीरं वेगळी, आपली ताटं वेगळी, म्हणून आकडा लहान. तरी तो गोळीच्या बरोबरीचा होता.

आणि खास आपल्या देशातला, हृदयरुग्णांवरचा अभ्यास म्हणजे 'योगा-केअर'. भारतातल्या २४ रुग्णालयांत, झटका येऊन गेलेले जवळजवळ चार हजार रुग्ण. निम्म्यांना तीन महिन्यांचा योगावर आधारित कार्यक्रम, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. पुन्हा झटका येण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. पण कार्यक्रम घेतलेले लोक स्वतःच्या तब्येतीबद्दल जास्त समाधानी होते आणि आजाराआधीची कामं पुन्हा करू लागण्यात ते पुढे होते. हा निकाल मला फार प्रामाणिक वाटतो. व्यायामाने आजार पळून जातो असं तो म्हणत नाही. माणूस आपल्या आयुष्यात परत येतो, असं म्हणतो. आमच्या अण्णांना नेमकं तेच हवं होतं.

एका डॉक्टरचं काम नव्हे

मोठ्या शहरातल्या चांगल्या रुग्णालयात 'कार्डियाक रिहॅब' नावाचा विभाग असतो. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, नर्स आणि समुपदेशक एकाच रुग्णाबद्दल एकमेकांशी बोलतात. डॉक्टर सांगतात किती जोर झेपेल, फिजिओथेरपिस्ट तो जोर कसा लावायचा ते शिकवतात, आहारतज्ज्ञ ताट बघतात, समुपदेशक भीतीबद्दल विचारतात. रुग्णाला पाच ठिकाणी पाच वेगळे सल्ले मिळत नाहीत.

आपल्या मराठी मुलखात असं काम रुग्णालयाबाहेरही उभं राहिलेलं आहे. पार्किन्सन्स या आजाराचं उदाहरण घ्या. मुंबईत २००१ साली ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' सुरू झाली. तिच्या केंद्रांवर रुग्ण आणि घरचे एकत्र येतात. व्यायाम, बोलण्याचा सराव, रोजच्या कामांच्या युक्त्या आणि मनमोकळ्या गप्पा, सगळं एका छपराखाली. पुण्यात 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा तर रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे यांनीच चालवलेला स्वमदत गट आहे. सभा, तज्ज्ञांची व्याख्यानं, सहली, आणि ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिनाचा कार्यक्रम. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. हात थरथरतात, पाऊल अडतं, आणि तरीही ही माणसं तालावर नाचतात. औषध प्रत्येकाचं आपापलं चालूच असतं. पण घराबाहेर पडायला कारण मिळतं ते या माणसांमुळे.

आता प्रश्न असा, की लोंढ्यासारख्या गावात हे कुठून आणायचं? बेळगाव पन्नास किलोमीटर. तिथे केएलईचं मोठं रुग्णालय आहे, फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. अण्णांकडे निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचं 'उम्मीद' कार्ड आहे, त्यावर हुबळीच्या रेल्वे रुग्णालयाची सोय. पण आठवड्यातून तीनदा अळणावर-धारवाड पार करून हुबळीला किंवा गुंजी-खानापूर करत बेळगावला व्यायामासाठी कोण जाणार? म्हणून आम्ही ठरवलं, की शिकायला बेळगावला जायचं आणि करायचं लोंढ्यात.

आमचा लोंढ्याचा संघ

पहिली गोष्ट, दर तीन महिन्यांनी बेळगावची एकच फेरी, पण त्याच दिवशी तिघांची भेट: हृदयरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ. वेळा आधी फोन करून जुळवायच्या. हे काम माझं. पुण्यात बसून ते अगदी सहज होतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुरुवातीला एक साधी चाचणी घेतली. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं, आपल्या गतीने, दम लागला तर थांबायचं, आणि किती मीटर झाले ते मोजायचं. अण्णांचे २४० मीटर झाले. त्यांना वाटलं नापास झालो! बाई म्हणाल्या, "काका, हा तुमचा पहिला आकडा. आता याच्याशीच शर्यत." मग त्यांनी नाडी मोजायला सांगितली नाही. हृदयाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचे ठोके मुळातच कमी वाढतात, त्यामुळे त्यावरून अंदाज चुकतो. त्यापेक्षा सोपी खूण दिली: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर थोडा वेग वाढवा. बोलताही येत नसेल तर कमी करा. भजन म्हणणाऱ्या माणसाला ही खूण लगेच पटली.

सुरुवात झाली दिवसातून दोन वेळा सात-सात मिनिटांनी. दर आठवड्याला दोन मिनिटं जास्त. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, खिडकीचे गज धरून टाचा वर करणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही दीर्घ आजार असलेल्यांसाठी हेच सांगितलंय: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि तितकं जमत नसेल तर जमेल तेवढं. हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरच्या कागदावर सर्वांत वर लिहिलंय.

दुसरी गोष्ट, सोबत. मागच्या घरातले मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांना साखर आणि गुडघे. अण्णांना एकट्याने रस्त्यावर जायची भीती, मास्तरांना कंटाळा. दोघांची जोडी लावून दिली. सकाळी साडेसहाला स्टेशन रोड. मग त्यांच्यात एक निवृत्त गार्ड आले, ते कन्नड बोलतात. तिघं तीन भाषा मिसळून राजकारणावर भांडत चालतात, म्हणजे बोलण्याची चाचणी आपोआप होते. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो, 'वाटेत काही झालं तर?' शेजारी कोणी चालत असलं की तो प्रश्न थोडा लहान होतो.

तिसरी गोष्ट, पाऊस. आमच्याकडे जूनपासून चार महिने पाऊस थांबायचं नाव घेत नाही. व्यायामाचे सगळे संकल्प इथे वाहून जातात. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पावसाळ्याचा वेगळाच कागद दिला. ओटीपासून परसदारापर्यंत बावीस पावलं होतात. तेवढ्याच फेऱ्या, सोबतीला खुर्चीचे व्यायाम. छत्री घेऊन निसरड्या रस्त्यावर जायचंच नाही.

चौथी गोष्ट, ताट. आहाराचे छापील तक्ते तुम्ही पाहिले असतील. ओट्स, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल, सॅलड. लोंढ्याच्या आठवडी बाजारात यातलं काय मिळणार? आमच्या आहारतज्ज्ञांनी आधी अर्धा तास फक्त विचारलं, काय शिजतं, कोण शिजवतं, कोण कधी जेवतं. मग आमच्याच शब्दांत लिहिलं. उकड्या तांदळाचा भात चालेल, पण एक वाटी, आणि वाटी कुठली ते आईने दाखवायचं. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. रोज एक उसळ. बांगडा चालेल, तळलेला नको, आमटीत खोबरं निम्मं. सुकी मासळी, लोणचं आणि पापड यांत मीठ लपलेलं असतं; दिवसाचं एकूण मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत. ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा. बेळगावचा कुंदा? "सणाला, चमचाभर, आणि त्या दिवशी भात नको." पूर्ण बंदी घातली नाही म्हणून अण्णांनी ते पाळलं.

त्या बाई कन्नडभाषक. मराठी समजायचं, लिहिता येत नव्हतं. तिथल्या एका सिस्टरनी शेजारी बसून सगळं मराठीत लिहून दिलं. सीमाभागात आपण भाषेवरून पुष्कळ बोलतो. दवाखान्यातल्या त्या टेबलावर मला एवढंच दिसलं की आईला वाचता येईल असा कागद मिळाला म्हणून तो भिंतीवर लागला. पेशंटच्या भाषेतला कागद हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. तुमच्या आईवडिलांना मिळालेला कागद इंग्रजीत असेल तर तो मराठीत लिहून डॉक्टरांना दाखवा आणि मग भिंतीला लावा.

पाचवी गोष्ट आम्ही ठरवलेली नव्हती. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम देशभर आहे. त्यासाठी आशाताई घरी आल्या. अण्णांचा बीपी व्यवस्थित होता. त्यांनी सहज आईला म्हटलं, "काकू, तुम्हीपण बसा." आईचा वरचा आकडा १७० च्या पुढे! अण्णांच्या गोळ्यांची वेळ, पथ्य, काळजी, रात्रीची जाग, हे सगळं करणाऱ्या बाईला स्वतःचा बीपी कधी तपासावासा वाटलाच नव्हता. आजारी माणसाला सांभाळणारी व्यक्ती ही दुसरी पेशंट असू शकते, हे तेव्हापासून आमच्या घरात पक्कं झालं. सकाळी स्वयंपाकामुळे तिला बाहेर पडता येत नाही. म्हणून ती, मास्तरांच्या मिसेस आणि दोन शेजारणी संध्याकाळी पाचला देवळापर्यंत जाऊन येतात. त्यांची बैठक पुरुषांपेक्षा जास्त नियमित आहे, हे मुद्दाम सांगते.

काय झालं, काय नाही

पहिल्याच पावसाळ्यात अण्णांना ताप आला, तीन आठवडे सगळं बंद पडलं. ताप गेला तरी ते खुर्चीतून उठेनात. "आता कशाला?" एवढंच म्हणायचे. मोठ्या आजारानंतर मन खचणं अगदी सर्रास घडतं, पण आपल्याकडे त्याला आळस किंवा हट्ट म्हणतात. डॉक्टरांशी त्याबद्दल मोकळेपणाने बोललो, त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं. दोन भेटींत बरंच मोकळं झालं. जवळ समुपदेशक नसेल तर सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची फोनसेवा आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. आणि भजनी मंडळाने, आम्ही न सांगता, पखवाज परत घरी आणून ठेवला. पहिले काही दिवस ते नुसते शेजारी बसायचे. मग एका एकादशीला पंधरा मिनिटं वाजवला.

आज तीन वर्षांनंतर त्यांच्या सहा मिनिटांच्या चालण्याचा आकडा ३७५ मीटर आहे. वजन चार किलो उतरलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ वरून ७.६ वर आली. हृदयाच्या गोळ्या एकही सुटली नाही, आणि सुटायचीही नव्हती. साखर अजून वरखाली होते. लग्नसराईत पथ्य मोडतं. पण ते एकटे गाडीत बसून खानापूरला जाऊन येतात. स्टेशनचा जिना मध्ये एकदा थांबून चढतात. कळशी मात्र आई अजूनही देत नाही, त्यावर वाटाघाटी चालू आहेत.

सुरू करण्याआधी हे लक्षात ठेवा

उत्साहाच्या भरात काही गोष्टी विसरू नका. हृदयरोग असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. चालताना छातीत दाब किंवा दुखणं, जबड्यात किंवा हातात कळ, घाम सुटणं, चक्कर, यातलं काही झालं तर जागच्या जागी थांबून बसायचं, डॉक्टरांनी दिली असेल ती जिभेखालची गोळी घ्यायची. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर हवीच. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, म्हणून अनवाणी चालायचं नाही आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि व्हॉट्सॲपवर 'मधुमेह मुळापासून बरा, सगळ्या गोळ्या बंद' असं आलं तर ते पुढे पाठवू नका. गोळी कमी करायची की नाही, हे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

लांब राहणाऱ्या मुलांनी काय करायचं?

या मासिकाचे बरेच वाचक माझ्यासारखेच आहेत: नोकरी एका शहरात, आईवडील दुसरीकडे, काहींचे तर दुसऱ्याच देशात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि तेरा कोटींहून जास्त त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा हा विषय आज ना उद्या प्रत्येक घरात येणार. तुमच्या-माझ्या रिपोर्टमध्येही.

लांबून करण्यासारखं पुष्कळ आहे. तज्ज्ञांच्या वेळा एका दिवसात जुळवणं. सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेप्रमाणे ठेवणं. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न आधी लिहून पाठवणं. शेजारचं कोण बरोबर चालेल ते शोधणं आणि त्यांना स्वतः फोन करून विनंती करणं. या कामाला ॲप नाही, ते आपणच करायचं. भावाने हौसेने पाठवलेलं स्मार्टवॉच अण्णांच्या कपाटात डब्यातच आहे, मास्तर मात्र रोज सकाळी दारात हजर असतात.

आणि फोनवरचा प्रश्न बदलून पाहा. "गोळी घेतलीत का? गोड खाल्लं नाही ना?" हा हिशेब झाला. त्याऐवजी "आज कुठवर गेलात? वाटेत कोण भेटलं?" असं विचारा. आमच्याकडे या प्रश्नाला दहा मिनिटांचं उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरात तब्येतही कळते.

दिवाळीला घरी जाल तेव्हा फराळाच्या आधी एक सकाळ राखून ठेवा. आईवडिलांबरोबर त्यांच्या वेगाने चाला, पुढे धावू नका. किती अंतर झालं ते लिहून ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा त्याच रस्त्याने जा. आणि आईचा बीपीही तपासा, ती "मला काय झालंय?" म्हणाली तरी!